नावापुढची अक्षरे

1851 साली मुंबईतल्या आठ तरुणांच्या नावांपुढे चार इंग्रजी अक्षरे लागली: जी. जी. एम. सी. म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून सहा वर्षे होती आणि बी. ए. झालेला माणूस इलाख्यात शोधूनही सापडला नसता. विद्यापीठच नाही तर पदवी देणार कोण? ती कॉलेजनेच दिली. आज बारावीनंतर आरोग्यविज्ञानाकडे वळणाऱ्या मुलामुलींसमोर एम.बी.बी.एस.पासून बी.पी.टीएच.पर्यंत अक्षरांची मोठी रांग उभी असते. या रांगेचे पहिले टोक भायखळ्याच्या त्या इमारतीत आहे.

या पदवीधरांनी काय करावे याचे उत्तर सरकारकडे तयार होते. सबअसिस्टंट सर्जन म्हणून नेमणूक घ्यावी, सांगतील त्या गावी जावे आणि गोऱ्या सर्जनच्या हाताखाली काम करावे. त्या आठांपैकी आणि त्यांच्या मागून आलेल्यांपैकी अनेकांनी हे केलेही. पण ज्यांची नावे पुढे राहिली त्यांनी या अक्षरांचा अर्थ फार रुंद केला. मुंबईतल्या वैद्यकीय शिक्षणाचा पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पदवी एका कामासाठी निर्माण होते, आणि ती घेणारे तिला भलतीकडेच, बहुधा अधिक गरजेच्या ठिकाणी, घेऊन जातात.

कॉलेजआधीचा एक प्रयत्न फसलेला होता. 1826 मध्ये मुंबईत देशी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकीय शाळा निघाली. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते आणि त्यांनी वैद्यकाची पुस्तके देशी भाषांत उतरवून घेण्याचा खटाटोपही केला. सैन्याला आणि सरकारी दवाखान्यांना मदतनीस हवे होते, एवढाच त्या शाळेचा हेतू. 1832 मध्ये ती बंद पडली. नंतर आलेले गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी पूर्ण दर्जाच्या वैद्यकीय कॉलेजचा विचार पुढे रेटला, पण 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला त्यांचे निधन झाले. मुंबईकरांनी त्यांच्या स्मारकासाठी वर्गणी जमवली आणि तेवढीच रक्कम सरकारने घालावी असे ठरले. जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी लाखाची देणगी दिली. जेजे रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज दोन्ही 1845 मध्ये सुरू झाली, शेजारी शेजारी. विद्यार्थ्याने सकाळी वाचलेला आजार त्याच दिवशी खाटेवर पाहावा, ही पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांची दृष्टी होती. खाटेशी उभे राहून शिकण्याची ही पद्धत आजही वैद्यकीय शिक्षणाचा कणा आहे.

त्या पहिल्या आठांत एक होते रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे सगळ्या मुंबईचे भाऊ दाजी. पेडण्याजवळच्या मांद्रे गावचे हे कुटुंब. वडील मातीच्या बाहुल्या विकून घर चालवायचे. मुलाची बुद्धिबळातली हुशारी पाहून एका इंग्रजाने त्याला इंग्रजी शाळेत घालण्याचा सल्ला दिला आणि वडिलांनी तो मानला. एल्फिन्स्टनमध्ये शिकून तिथेच शिकवू लागलेला हा तरुण नोकरी सोडून वैद्यक शिकायला आला. पदवी मिळाल्यावर त्यांनी सरकारी नेमणुकीऐवजी स्वतःचा दवाखाना थाटला आणि गरिबांना मोफत औषध दिले. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात शिलालेख आणि जुनी नाणी वाचायची, असा त्यांचा क्रम होता. गिरनारच्या खडकावरच्या लेखापासून कालिदासाच्या काळापर्यंत त्यांनी लिहिले. कुष्ठरोगावर देशी वनस्पतींतून औषध शोधण्यासाठी ते वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिले. ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीबागेतल्या वस्तुसंग्रहालयाला 1975 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. तिथे जाणाऱ्या शाळकरी मुलांना हे नाव एका डॉक्टरचे आहे हे क्वचितच कोणी सांगते, आणि ते सांगायला हवे.

दुसरे आत्माराम पांडुरंग. 1867 मध्ये प्रार्थना समाजाची स्थापना झाली ती त्यांच्या घरी. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांत दोनच हिंदी होते आणि दोघेही ग्रँट मेडिकलचे डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. तिसरे अनंत चंद्रोबा दुकले. ते देवी काढण्याच्या कामात शिरले आणि मुंबईच्या लसीकरणाची सूत्रे त्यांनी सांभाळली. चौथे होझे कामिलो लिस्बोआ. ते वनस्पतींकडे वळले आणि मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1886 मध्ये गॅझेटियरच्या मालिकेत छापला गेला.

एकाच तुकडीतून समाजसुधारक, संशोधक, लसीकरणाचे अधिकारी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ निघाले, याचे कारण त्यांच्या अभ्यासक्रमात होते. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र तिथे शरीररचनेच्या बरोबरीने शिकवले जाई, कारण त्या काळी औषधे बहुतेक झाडापाल्याचीच होती. वैद्यकाचे शिक्षण ही त्या वेळी विज्ञान शिकण्याची मुंबईतली जवळजवळ एकमेव वाट होती. ज्याला निसर्गाविषयी कुतूहल आहे त्याने जायचे कुठे, तर जेजेच्या आवारात. पुढे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर याच वाटेने गेले. ते लष्करी वैद्यकीय सेवेत होते, भारतीय औषधी वनस्पतींवर त्यांनी प्रचंड ग्रंथ रचला आणि 1909 मध्ये बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. अण्णा मोरेश्वर कुंटे मुंबई विद्यापीठाचे एम.डी. झाले आणि त्यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची संपादित आवृत्ती 1880 मध्ये काढली. पाश्चात्त्य वैद्यकाची सर्वोच्च पदवी मिळवून हा माणूस संस्कृत पोथीकडे वळला, आणि त्याच्या मनात दोन्हींत भांडण नव्हते.

विद्यापीठ आल्यावर जी. जी. एम. सी. मागे पडले. 1860 मध्ये कॉलेज विद्यापीठाला जोडले गेले आणि एल.एम., मग एल.एम. अँड एस. ही अक्षरे आली. एम.बी.बी.एस. विसाव्या शतकातले.

पण ही सगळी इंग्रजीतली वाट. ज्याला इंग्रजी येत नाही अशा मुलासाठी 1861 पासून कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग चालवले गेले. या वर्गातली मुले हॉस्पिटल असिस्टंट होऊन तालुक्यांच्या दवाखान्यांत जात. त्यांच्यासाठी पुस्तके हवीत म्हणून ग्रँट मेडिकलच्या पदवीधरांनी मराठीत लिहायला घेतले. सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि त्यांनी प्रसूतिशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले. आज मराठीत वैद्यक शिकवता येईल का यावर वाद होतो तेव्हा कोणाला आठवत नाही की दीडशे वर्षांपूर्वी ते शिकवले जात होते. नाडी, ज्वर, गर्भाशय, अस्थी असे रोजचे आणि संस्कृत शब्द एकत्र बांधून लेखकांनी काम चालवले.

1878 मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभाई यांच्या देणगीतून वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि असल्या शिक्षणाचे केंद्र तिकडे सरकले. 1912 मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले, आणि वैद्यकीय शाळांतून शिकलेल्यांना त्याची एल.सी.पी.एस. ही पदविका मिळू लागली. महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांत साठसत्तर वर्षांपूर्वी जो डॉक्टर असे, त्याच्या लाकडी पाटीवर बहुधा हीच चार अक्षरे रंगवलेली असत. रात्री बैलगाडीतून बोलावणे यायचे, सुईच्या डब्यासह तो निघायचा, आणि मोबदला कधी रुपयांत तर कधी शेंगांच्या पोत्यात मिळायचा. एम.बी.बी.एस. झालेला शहरात राहिला. खेड्यांनी पहिला डॉक्टर पाहिला तो एल.सी.पी.एस.

बायकांना मात्र यातले एकही दार उघडे नव्हते. पुरुष डॉक्टरपुढे जायचे नाही म्हणून घरात मरणाऱ्या बाळंतिणींची गणती कोणी ठेवली नव्हती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. 1883 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, 1886 च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागावर त्यांची नेमणूक झाली. ती जागा त्यांना भरता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या.

आनंदीबाई बोटीवर चढल्या त्याच 1883 साली मुंबईत दोन व्यापाऱ्यांनी, अमेरिकन जॉर्ज किट्रेज आणि पारशी सोराबजी शापुरजी बंगाली यांनी, स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. ग्रँट मेडिकलने मुलींना प्रवेश दिला. इंग्लंडहून डॉ. एडिथ पिची आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय 1886 मध्ये सुरू झाले. बायकांसाठी बायकांनी चालवलेले रुग्णालय. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी रखमाबाई बालविवाहाविरुद्धच्या खटल्यामुळे देशभर गाजत होती. नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन, असे तिने कोर्टाला सांगितले होते. तडजोडीने खटला संपल्यावर पिचीबाईंच्या मदतीने ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि परतल्यावर सुरत आणि राजकोट इथे तिने आयुष्यभर स्त्रियांची रुग्णालये सांभाळली. पुढच्या पिढीतल्या डॉ. जेरुशा झिराड बेने इस्रायली कुटुंबातल्या. ग्रँट मेडिकल आणि मग लंडन करून आलेल्या झिराड 1928 मध्ये कामा रुग्णालयाच्या पहिल्या भारतीय अधीक्षक झाल्या आणि 1947 पर्यंत त्या पदावर राहिल्या.

डॉक्टर होण्याइतके शिक्षण आणि पैसा नसलेल्या बायकांसाठी एक वेगळी वाट पुण्यात निघाली. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनाने विधवांना आणि टाकलेल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, विटाळाची कामे करणे, रात्रपाळी करणे, यातली एकेक गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा घराला न पचणारी होती. सोवळ्यातल्या बाईला पगार मिळाला, निवारा मिळाला आणि ‘सिस्टर’ ही हाक मिळाली. नर्सिंगची पदवी फार नंतरची गोष्ट. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज 1964 मध्ये निघाले.

गोव्यात चित्र निराळे होते. पणजीची वैद्यकीय शाळा ग्रँट मेडिकलपेक्षाही जुनी, 1842 ची. पण तिथून बाहेर पडलेल्याला पोर्तुगाल आपल्या डॉक्टरांच्या पंक्तीत बसवत नसे. त्यासाठी लिस्बन किंवा पोर्तोला जाऊन पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. ज्यांना ते जमत नसे त्यांना मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा वसाहतींच्या आरोग्यसेवेत दुय्यम जागा मिळत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कित्येक ठाण्यांवर हिवतापाशी आणि देवीशी झुंजणारा डॉक्टर असा गोव्याच्या शाळेतला असे. काही गोवेकरांनी मुंबईचा रस्ता धरला. हडफड्याचे अकासियो व्हिएगस ग्रँट मेडिकलमध्ये शिकले आणि मांडवीजवळच्या वस्तीत दवाखाना चालवू लागले. सप्टेंबर 1896 मध्ये तापाने फणफणलेल्या, काखेत आणि जांघेत गाठी आलेल्या रोग्यांना पाहून ही ब्युबॉनिक प्लेगची साथ आहे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. धान्याची गोदामे, उंदीर आणि दाटीवाटीच्या चाळी त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या, म्हणून त्यांना ते दिसले. धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. प्लेगची लस शोधणारे हाफकिन आले तेव्हा त्यांना प्रयोगासाठी जागा मिळाली तीही ग्रँट मेडिकलमध्येच. जानेवारी 1897 मध्ये त्यांनी पहिली लस स्वतःला टोचून घेतली.

इतके सगळे होऊनही ग्रँट मेडिकलमधल्या प्राध्यापकांच्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांनाच मिळत. या सेवेची परीक्षा लंडनला व्हायची. मुंबईतला कितीही हुशार शल्यविशारद खाजगी दवाखान्यात नाव कमवू शके, पण आपल्याच कॉलेजात शिकवण्याचे स्वप्न त्याला परवडणारे नव्हते. या अन्यायातून दोन कॉलेजे जन्मली. 1921 मध्ये असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षण सोडलेल्या मुलांसाठी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीने नॅशनल मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेच पुढे टोपीवाला नॅशनल आणि नायर रुग्णालय. दुसरे परळचे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पालिकेला कॉलेजसाठी मोठी देणगी दिली आणि तिला अट घातली की इथले शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असतील. जीएस कॉलेज 1925 मध्ये आणि त्याचे केईएम रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले. पहिल्या अधिष्ठात्यांपैकी डॉ. जीवराज मेहता यांनी 1942 पर्यंत, म्हणजे जवळपास दोन दशके, कॉलेजला आकार दिला. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

या नव्या हवेत शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, आघाडीच्या गावांत शस्त्रक्रिया करत राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि डिसेंबर 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांना मरण आले. परळमध्ये घेतलेल्या पदवीने एका माणसाला इतके दूर नेले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीचा अहवाल आला. देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, दोन पातळ्या नकोत, असे समितीने म्हटले. वैद्यकीय शाळा बंद करून त्यांची कॉलेजे करावीत, असे सुचवले. त्याच वर्षी पुण्याच्या बैरामजी जीजीभाई शाळेचे कॉलेज झाले. 1947 मध्ये नागपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. समितीतल्या काही सदस्यांनी या शिफारशीला लेखी विरोध नोंदवला होता. खेड्यात जाणारा डॉक्टर आपण स्वतःच संपवतो आहोत, ही त्यांची भीती होती. ती खरी ठरली असे म्हणावे लागते. जुने एल.सी.पी.एस. निवृत्त होत गेले आणि त्यांच्या पाट्या उतरल्या, पण त्याच पेठेत एम.बी.बी.एस.ची पाटी लागायला पुष्कळ ठिकाणी फार वाट पाहावी लागली.

आरोग्याची पदवी म्हणजे डॉक्टरची पदवी, हे समीकरण मोडले ते परळच्याच केईएममध्ये, आणि ते मोडणारी बाई जन्माने अमेरिकन होती. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. न्यूयॉर्कमध्ये शिकणाऱ्या विष्णू निंबकर यांच्याशी त्यांची ओळख झाली, 1930 मध्ये त्या भारतात आल्या, हिंदू झाल्या, लग्न केले आणि कमला निंबकर या नावाने मराठी घरात रुळल्या. मुंबईत त्यांनी शाळा चालवली. वयाच्या चाळिशीत त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि 1950 मध्ये केईएममध्ये त्यांनी या विषयाची शाळा उघडली. आशियातली ही पहिली शाळा. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात.

व्यवसायोपचार म्हणजे रोग्याला धंदा शिकवणे असा समज तेव्हाही होता, आजही आहे. काम वेगळेच आहे. पक्षाघाताने उजवा हात गेलेल्या माणसाला सदऱ्याची बटणे डाव्या हाताने लावता यावीत, मनगट वाकडे पडू नये म्हणून त्याच्या मापाचा स्प्लिंट बनवावा, बोटांची पकड यावी म्हणून माती मळायला किंवा माग चालवायला द्यावा, घरातला उंबरा आणि संडास त्याच्या अवस्थेप्रमाणे बदलून घ्यावा. औषध आणि शस्त्रक्रिया यांचे काम संपते तिथून हे सुरू होते. डॉक्टर विचारतो, ताप उतरला का. व्यवसायोपचार करणारी विचारते, आज भाकरी स्वतः मोडून खाल्ली का. केईएमच्या आवारात ‘ओटी’ म्हटले की लोक ऑपरेशन थिएटर समजतात. या विद्यार्थिनींना पहिल्या वर्षापासून आपल्याच विषयाचे नाव समजावून सांगावे लागते.

कमलाबाईंनी 1952 मध्ये व्यवसायोपचारांची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी लिव्हरपूलला या व्यवसायाचा जागतिक संघ स्थापन झाला, आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला ब्रिटन, अमेरिका, स्वीडन यांच्या पंक्तीत हे स्थान मिळाले ते परळच्या एका लहानशा शाळेच्या जोरावर. 1968 मध्ये त्यांनी अपंगांना समान संधी मिळावी म्हणून आणखी एक राष्ट्रीय संस्था काढली. दानधर्म करून अपंगाला सांभाळण्यापेक्षा त्याला त्याच्या पायावर उभे करावे, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत टिकला.

फिजिओथेरपीला, म्हणजे भौतिकोपचाराला, निमित्त झाले पोलिओचे. 1952 मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली. लुळे पडलेले पाय घेऊन आलेल्या मुलांसाठी वॉर्ड भरले आणि त्यांच्या स्नायूंना पुन्हा काम करायला शिकवणारे हात कुठेच नव्हते. मुंबई सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 1953 मध्ये केईएममध्येच फिजिओथेरपीची शाळा सुरू केली. परदेशी शिक्षक आले. गरम पाण्याचे शेक, स्नायूंची एकेक परीक्षा, कॅलिपर घालून चालण्याचा सराव या गोष्टी पहिल्यांदा रीतसर अभ्यासक्रमात शिरल्या. 1955 मध्ये फिजिओथेरपिस्टांची देशपातळीवरची संघटना झाली. त्याच सुमारास हाजी अलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुण्यात दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी 1944 मध्येच कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले होते. 1966 मध्ये नायर रुग्णालयाने बहिऱ्या आणि न बोलणाऱ्या मुलांसाठी श्रवण आणि वाचा या विषयाचे शिक्षण चालू केले.

भाऊ दाजींना छळणारा कुष्ठरोगही आता वेगळ्या माणसांच्या हाती आला. सेवाग्रामला 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वार्डेकर यांनी तिथे पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत बसवली तिचा आधार घरोघर फिरणारा पॅरामेडिकल कार्यकर्ता होता. त्वचेवरचा चट्टा पाहायचा, बधिरपणा तपासायचा, गोळ्या पोचवायच्या आणि रोग्याला गावाबाहेर काढू देऊ नये म्हणून गावकऱ्यांशी बोलायचे. हा माणूस पदवीधर नसे. त्याचे प्रशिक्षण थोड्या महिन्यांचे होते.

आणखी पुढचे पाऊल जामखेडला पडले. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात आले. त्यांनी गावागावांतल्या बायकांना, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण करणे, मुलांचे वजन घेणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठसाखरेचे पाणी पाजणे ही कामे त्यांनी हाती घेतली. या बायकांच्या नावापुढे एकही अक्षर नव्हते. जगभरातले पदवीधर त्यांच्याकडून शिकायला जामखेडला येऊ लागले आणि अजून येतात.

1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातले वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, वाचोपचार हे सगळे विषय एका छपराखाली आले. केईएमच्या त्या दोन शाळांतल्या पदविका तोवर पदव्या झाल्या होत्या. साडेचार वर्षांचा अभ्यास, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि शेवटी बी.पी.टीएच. किंवा बी.ओटीएच. यातली एक मुलगी पुढे अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रोग्याच्या छातीतला कफ सुटावा म्हणून धडपडते, दुसरी रणजी संघाबरोबर फिरते, तिसरी स्वमग्न मुलांच्या शाळेत काम करते, चौथी कारखान्यात कामगारांच्या पाठीचे दुखणे कमी व्हावे म्हणून बाकाची उंची बदलायला लावते. कॅनडा आणि अमेरिकेत जाऊन स्थिरावलेल्या मुंबईच्या फिजिओंची संख्याही मोठी आहे.

या सगळ्या व्यवसायांना कायद्याने मान्यता मिळायला मात्र फार उशीर झाला. डॉक्टरांची, दंतवैद्यांची, नर्सेसची परिषद कधीची होती. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, डायलिसिस करणारा, क्षकिरण काढणारा, फिजिओ, व्यवसायोपचारी यांची नोंद ठेवणारी देशपातळीवरची यंत्रणा नव्हती. 2021 मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात दहा गटांत 56 व्यवसाय मोजले गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर हा कायदा आला, आणि त्या लाटेत नाकातला नमुना घेणारे, ऑक्सिजनची नळी सांभाळणारे, बरे झालेल्यांना पुन्हा श्वास घ्यायला शिकवणारे हात बहुतेक याच 56 व्यवसायांतले होते.

2025 मध्ये वाद पेटला तो नावाआधीच्या एका शब्दावरून. नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टांना नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे ‘पी.टी.’ लावण्याची मुभा देण्यात आली होती. सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढून ‘डॉ.’ला हरकत घेतली, आणि लगेच ते पत्र मागेही घेतले. डॉक्टरांच्या संघटना एका बाजूला आणि फिजिओंच्या दुसऱ्या. केईएमच्या फिजिओथेरपी विभागात तेव्हाही रोजच्यासारखीच सकाळी रोग्यांची रांग लागत होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, समांतर दांड्यांमधून कोणी पहिले पाऊल टाकते आहे, आणि पांढऱ्या कोटातली एक विद्यार्थिनी त्याच्या कमरेचा पट्टा धरून मागे मागे चालते आहे.